डोंगरात चार दिवस, रस्त्यावर वर्षभर

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. आपल्या सांबराच्या कुळातलंच हे हरीण, पण अंगाने बरंच थोराड. शरद ऋतूत त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, की डेन्व्हर आणि आसपासच्या उपनगरांतून पिकअप गाड्या रॉकी पर्वताच्या दिशेने निघतात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. तिथे मात्र परवाना, ठरलेला हंगाम आणि ठरवून दिलेली संख्या या चौकटीत ती चालते. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी मिळतो.

हंगाम संपला, की तीच गाडी सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि संध्याकाळी मुलांना शाळेतून घरी आणते. अशा दुहेरी कामासाठी पिकअप घेताना बोलणं होतं ते अश्वशक्तीचं आणि ‘फोर व्हील ड्राइव्ह’चं. भौतिकशास्त्र मात्र वेगळ्याच गोष्टींकडे बोट दाखवतं: भारक्षमता, टायर आणि आकार. या तीन गोष्टी जमल्या, तर गाडी डोंगरातही साथ देते आणि शहरातही जाच करत नाही.

दाराच्या चौकटीवरचा आकडा

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिकअपच्या चालकाकडच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. जाहिरातीतला आकडा बहुधा सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो. मोठी केबिन, काचेचं छत, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा अशी प्रत्येक भर त्यातून वजा होत जाते. उरतं ते स्टिकरवर. म्हणून गाडी पाहायला गेल्यावर आधी दार उघडून तो स्टिकर वाचावा.

हिशेब मांडून पाहू. जाड कपडे आणि बूट घातलेले चार जण म्हणजे ३६० किलो. तंबू, शिधा, बंदुका आणि बर्फाच्या पेट्या १५० किलो. मागच्या उघड्या हौद्यावरचं टपासारखं झाकण ८० किलो. झाले ५९० किलो. कोलोरॅडोतला मोठा नर एल्क ३०० किलोच्या वर भरतो, त्याचं हाडं काढलेलं मांस शंभर किलोच्या आसपास निघतं. परतीचा आकडा ६९० किलोवर गेला. सोबत दोन टनांचा ट्रेलर असेल, तर त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार, म्हणजे २०० ते ३०० किलो, थेट गाडीच्या मागच्या हुकावर येतो. तोही याच हिशेबात धरायचा असतो. पाच-सहा टन ओढण्याची ताकद असलेली गाडीसुद्धा चार माणसं, सामान आणि ट्रेलर एकत्र आले की मर्यादा ओलांडू शकते, ती अशी.

हुकावरचा भार वाढला की मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांवरचा दाब कमी होतो. वळताना आणि ब्रेक लावताना मोठं काम पुढचीच चाकं करत असतात. घाटाच्या उतारावर नेमकी त्यांचीच पकड सैल होते.

मग थेट जड कामाची मोठी गाडी का घेऊ नये? त्याचं उत्तर स्प्रिंगमध्ये आहे. टनभर ओझं पेलायचं तर मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा कडक ठेवाव्या लागतात. हौदा रिकामा असताना त्या कडक स्प्रिंगवर पुरेसं वजन नसतं. स्प्रिंगचा कडकपणा तोच आणि वस्तुमान कमी, म्हणजे हेलकाव्यांची गती वाढते. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा पाठीला जाणवतो. होंडा रिजलाइन या गाडीला वेगळी चासी नाही. तिची बांधणी मोटारीसारखी एकसंध आहे आणि मागची दोन्ही चाकं एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात. त्यामुळे रोजचा प्रवास सुखाचा होतो, ट्रेलर ओढण्याची ताकद मात्र मर्यादित राहते. या गाडीच्या हौद्याखाली कुलूप लागणारा कप्पा आहे आणि त्याच्या तळाला पाणी सोडायचं बूच आहे. शिकारी त्यात बर्फ भरतात. मांस लवकरात लवकर ४ अंश सेल्सियसच्या खाली न्यावं लागतं. त्याहून उबदार राहिलं, की जिवाणू झपाट्याने वाढू लागतात. उन्हात तापलेल्या झाकणाखाली ते नुसतं टाकून आणणं धोक्याचं असतं.

ताकद चार चाकांना, पकड टायरला

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याचं काम डिफरन्शियल करतं. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच पीळ (टॉर्क) देतं, आणि इथेच अडचण होते. एक चाक बर्फावर असलं तर ते फार थोड्या पिळाने घसरतं, आणि कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच पीळ मिळतो. गाडी जागची हलत नाही. अशा वेळी डिफरन्शियल लॉक करून दोन्ही चाकं एकत्र बांधावी लागतात. वर्षातून चार-सहा दिवस चिखलाची वाट तुडवायची असेल, तर मागच्या बाजूचा लॉक पैसे वसूल करून देतो.

बऱ्याच पिकअपमधली फोर व्हील ड्राइव्ह यंत्रणा पुढचा आणि मागचा दांडा घट्ट जोडून टाकते. माती, वाळू, बर्फ यांवर चाकं थोडी घसरू शकतात, म्हणून ते चालतं. कोरड्या डांबरावर वळताना मात्र ताण निघून जायला वाट राहत नाही. स्टिअरिंग अडखळतं आणि गिअरचे भाग झिजतात. रस्ता क्षणात ओला आणि क्षणात कोरडा होणाऱ्या भागात रोज गाडी चालवायची असेल, तर क्लचच्या मदतीने ताकद आपोआप वाटून देणारी यंत्रणा सोयीची. तीव्र उतारांसाठी ‘लो रेंज’ असावी. त्यात वेग सुमारे अडीच-पावणेतीन पटींनी घटतो आणि चाकांवरचा पीळ तितक्याच पटीने वाढतो. उतरताना इंजिनच गाडीला रोखून धरतं, ब्रेक तापत नाहीत.

एक गोष्ट मात्र कोणतीही यंत्रणा बदलू शकत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना लागतो, त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत फोर व्हील ड्राइव्हचा काहीच फायदा नाही. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गावर आणि टायर-रस्त्यामधल्या घर्षणावर ठरतं. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यावर साधारण ३२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर घर्षण चौथाई झालं, तर तिला सव्वाशे मीटर लागतात. चार चाकांच्या जोरावर बर्फात सहज वेग घेणारी गाडी चालकाला भलताच भरवसा देते आणि तोच अंगाशी येतो.

म्हणून पैसे आधी टायरवर खर्च करावेत. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असलेला टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. कोलोरॅडोत इंटरस्टेट ७० या महामार्गाच्या डोंगरी भागात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात टायरविषयीचा खास नियम लागू असतो. त्यानुसार फोर व्हील ड्राइव्ह गाडीच्या टायरची नक्षीसुद्धा किमान पावणेपाच मिलिमीटर खोल हवी.

कच्च्या वाटेवर टायरमधली हवा कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. चाकावर ६०० किलोचा भार असेल आणि हवेचा दाब ३५ पीएसआय असेल, तर भाराला दाबाने भागून जमिनीला टेकलेला भाग येतो सुमारे २४५ चौरस सेंटिमीटर. दाब २० पीएसआयवर आणला, तर तोच भाग ४२५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो. टायरच्या बाजूंचा कडकपणा थोडा भार उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक जरा कमी पडतो. तरीही चाक रुतणं थांबतं. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायलाच हवी. मऊ टायर वेगात सतत दुमडत राहतो, तापतो आणि फुटू शकतो.

लांबी आणि उंची

ओढा ओलांडताना किंवा उंचवट्यावरून जाताना गाडीचं पोट टेकू नये म्हणून लोक गाडी उंच करून घेतात. पण पोट टेकणं दोन चाकांमधल्या अंतरावरही अवलंबून असतं. जमिनीपासून २४ सेंटिमीटर उंचीच्या दोन गाड्या घेऊ. एकीच्या चाकांमधलं अंतर ३.७ मीटर, दुसरीचं ३.१ मीटर. पहिली सुमारे १५ अंशांचा उंचवटा पार करते, दुसरी साडेसतरा अंशांचा. आखूड गाडी जंगलातल्या वाटेवर वळते सहज आणि शहरात पार्किंगच्या आखलेल्या चौकटीत मावते. मोठ्या केबिनची फोर्ड एफ-१५० जवळपास ५.९ मीटर लांब आहे, तर त्याच कंपनीची मॅव्हरिक ५.१ मीटरच्या आत.

उंचीची किंमत रस्त्यावरच्या इतरांनाही मोजावी लागते. अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ने २०२३ साली पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची पुढची कड साधारण एक मीटरहून उंच असलेल्या गाड्यांची धडक, पाऊण मीटरपर्यंतच्या उताराच्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत, जिवावर बेतण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त असल्याचं त्यात दिसलं. उंच बॉनेट पायांऐवजी छातीवर आणि डोक्यावर आदळतं. शाळेच्या दारात रोज उभी राहणारी गाडी निवडताना या आकड्याला पहिल्या ओळीत स्थान मिळायला हवं.

विरळ हवा आणि इंधनाचा चकवा

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंचीवर आहे. इंटरस्टेट ७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटरवर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी असते. साधं इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढंच इंधन जाळू शकतं, म्हणून त्याची ताकदही जवळपास तेवढीच घटते. टर्बो ही हवा दाबून आत ढकलतो आणि बरीचशी तूट भरून काढतो. ट्रेलर घेऊन अशा घाटात जायचं असेल, तर लहान टर्बो इंजिन मोठ्या साध्या इंजिनपेक्षा उजवं ठरू शकतं.

इंधनाच्या हिशेबात आपली समजूत नेहमी चुकते. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवून दिलं. वर्षाला २०,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला ६ ऐवजी ८ किलोमीटर देऊ लागली, तर ८३३ लिटर वाचतात. १२ वरून १६ झाली, तर वाचतात फक्त ४१७. म्हणजे जास्त पिणाऱ्या गाडीतली छोटी सुधारणा खिशाला आणि हवेलाही मोठा दिलासा देते. हायब्रिड पिकअप म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. शहरात ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा त्या बॅटरीत परत साठवतात. मॅव्हरिकच्या हायब्रिड मॉडेलला २०२५ पासून चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणाही मिळते.

वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. उंच केलेली गाडी आणि रुंद टायर हा खर्च वर्षभर वाढवत राहतात. इंधन वाचेल म्हणून मागचं फाळकं उघडं ठेवूनही काही लाभ होत नाही. ते बंद असलं, की हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून सरकत निघून जाते.

गाडी जिथे थांबते, तिथून पुढे

ओरेगॉन राज्याच्या ईशान्येला स्टार्की हे प्रायोगिक जंगल आहे. तिथे १९८९ पासून रेडिओ पट्टे लावलेल्या एल्कच्या हालचालींचा अभ्यास चालू आहे. वाहतूक असलेल्या रस्त्यांपासून एल्क लांब राहतात, आणि वर्दळ वाढली की आणखी दूर सरकतात, हे त्यातून स्पष्ट झालं आहे. अमेरिकेच्या वनखात्याच्या २००५च्या नियमानुसार राष्ट्रीय वनांत गाडी ठरवून दिलेल्या वाटांवरच नेता येते. गाडीतून गोळी झाडणं कोलोरॅडोत बेकायदा आहे.

म्हणजे एल्कपर्यंतचा शेवटचा टप्पा पायीच गाठायचा असतो. पिकअपने तुम्हाला वाटेच्या टोकापर्यंत सुखरूप न्यावं आणि भार घेऊन परत आणावं, एवढंच तिचं काम. ते करायला फार अवाढव्य गाडी लागत नाही. दोघे-तिघे जाणार असाल आणि ट्रेलर नसेल, तर मध्यम किंवा लहान पिकअप, बर्फाचे चांगले टायर आणि हवा भरायचा छोटा पंप पुरतो. घोड्यांचा ट्रेलर न्यायचा असेल, तर मोठी चासीवाली टर्बो किंवा हायब्रिड गाडी घ्यावी आणि स्टिकरवरच्या मर्यादेत राहावं. वर्षातून एकदाच जड ओझं न्यायचं असेल, तर त्या आठवड्यापुरती मोठी गाडी भाड्याने घेणं शहाणपणाचं आहे. त्या एका आठवड्यासाठी उरलेले एक्कावन्न आठवडे जास्तीचं वजन, जास्तीचं इंधन आणि शेजाऱ्यांच्या मुलांना असलेला जास्तीचा धोका वागवण्याचं कारण नाही.