रक्तातील विळा

विदर्भाच्या खेड्यात ज्या घरी विळा नाही असे घर सापडणे कठीण. धानाची कापणी त्यानेच होते आणि गवताचा भाराही त्यानेच जमतो. परंतु याच अवजाराचे नाव एका आजारासही मिळाले आहे. इंग्रजीत विळ्यास 'सिकल' व पेशीस 'सेल' म्हणतात; त्यावरून या आजारास 'सिकलसेल' हे नाव पडले. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत हा शब्द आता इतका रुळला आहे की, अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा तो सहज उच्चारते.

आपले रक्त तांबडे दिसते ते त्यातील तांबड्या पेशींमुळे. या पेशी बशीसारख्या वाटोळ्या, मध्यभागी किंचित चेपलेल्या व अतिशय लवचिक असतात. केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांतून त्या अंग चोरून निघून जातात. त्यांच्या पोटात हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसांत प्राणवायू उचलावा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत नेऊन पोहोचवावा, हे त्याचे काम. सिकलसेलच्या रोग्याचे हिमोग्लोबिन मात्र प्राणवायू सोडून दिल्यावर एकमेकांस चिकटते, त्याचे ताठ दोर बनतात, आणि वाटोळी पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी अरुंद वाहिनीत अडकल्या की पुढचा रक्तपुरवठा थांबतो, आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रोग्याच्या अंगी रक्त कमी राहते व त्याचे डोळे पिवळसर दिसतात.

बाहेरून पाहणाऱ्यास यांतले फारसे काही दिसत नाही. काल मैदानावर धावणारा मुलगा आज हातपाय दुखतात म्हणून घरी राहतो आणि चार दिवसांनी पुन्हा शाळेत येतो. त्यास कामचुकार म्हणणारे पुष्कळ भेटतात. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगातील पाणी कमी झाले तरी अशा मुलाच्या कळा सुरू होऊ शकतात. वर्गातून उठून वरचेवर पाणी पिण्याची त्याची मागणी हा खोडसाळपणा नव्हे, ती त्याच्या रक्ताची गरज होय.

या आजाराचे कोडे उलगडण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. १९१० साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्तातील वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मूळ दोष पेशीच्या आकारात नसून तिच्यातील हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. रोगाचे मूळ एका रेणूत बोट ठेवून दाखवता येते, हे तेव्हा प्रथमच सिद्ध झाले. पेशी आणि रेणू यांच्या वाटेने रोग समजून घेणारी जी वैद्यकाची शाखा आज विद्यापीठांतून शिकवली जाते, तिचा पाया असा या विळ्याने घातला. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमकी चूक शोधून काढली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयाचे, तेथे व्हॅलिन आलेले असते. बाकी सारे मणी जसेच्या तसे! आईने वाटी आणावयास सांगावे, चिठ्ठी लिहिणाऱ्याने 'व'च्या जागी 'प' लिहावा, आणि मुलाने जेवणाच्या पंगतीत पाटी आणून ठेवावी, तशातला हा प्रकार होय.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील लोकांत आढळला. मध्य भारतातील लोकांच्या रक्तातही तो आहे, हे शुक्ल आणि सोळंकी या संशोधकांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकातून जाहीर केले. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्यास गावात सारे नुसते 'मेडिकल' म्हणतात, ते १९४७ साली स्थापन झाले आहे, आणि नागपूर विद्यापीठ तर १९२३ सालचे. अशा संस्थांच्या प्रयोगशाळांत रक्ताच्या अभ्यासाचे शिक्षण मिळते.

तेथील नवा विद्यार्थी प्रथम काय शिकतो? मोठे यंत्र चालवणे नव्हे. तर परीक्षानळीवर क्रमांक नीट लिहिणे. एका क्रमांकाची अदलाबदल झाली तर निरोगी मनुष्य रोगी ठरेल व रोगी तसाच घरी जाईल. दुसरी गोष्ट, प्रत्येक तपासणीसोबत ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे रक्तही तपासावयाचे. ते उत्तर चुकले तर त्या दिवसाची सर्व उत्तरे बाद! मला हा नियम फार आवडतो. मग पहिली परीक्षा येते. नळीतील रसायनात रक्ताचा थेंब मिसळतात आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोषी हिमोग्लोबिन आहे असे समजावे. परंतु हा मनुष्य रोगी की केवळ वाहक, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनची शर्यत लावतात. निरोगी हिमोग्लोबिन पुढे सरकते, दोषी मागे राहते. वाहकाच्या रक्ताचे दोन पट्टे दिसतात. रोग्याच्या रक्तात निरोगी हिमोग्लोबिनचा पट्टा उमटतच नाही.

वाहक म्हणजे कोण, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर तो वाहक. तो सहसा निरोगी असतो. दोन्ही प्रती सदोष असतील तर आजार होतो. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारांत एक इतका धोका असतो. पहिले मूल आजारी निघाले, म्हणून पुढची तिघे सुटली, असा हिशोब काहीजण करतात. तो चुकीचा आहे. हा आजार स्पर्शाने होत नाही आणि कोणाच्या पापानेही होत नाही. उलट, अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवले की, वाहकांना हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या माणसे नेत होता, तेथे हा दोष टिकून राहिला तो यामुळेच. जंगलपट्टीतील माणसांस त्याबद्दल नावे ठेवणे हे निव्वळ अज्ञान होय.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिने ठरवले आहे. एवढ्या नळ्यांवर अचूक क्रमांक लिहिणारे हात लागणार, ते अशाच प्रयोगशाळांतून तयार व्हावयाचे आहेत.

उपचारांतही एक गंमत आहे. जन्मल्यावर पहिले काही महिने सिकलसेलच्या बाळास त्रास होत नाही, कारण गर्भात असताना तयार झालेले वेगळे हिमोग्लोबिन त्याच्या रक्तात अजून शिल्लक असते. ते पुन्हा वाढवता आले तर? हायड्रॉक्सीयुरिया या औषधाच्या गोळीने पुष्कळ रोग्यांत ते वाढते व कळा कमी येतात. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड व अमेरिकेत याहून पुढचा उपचार मान्य झाला. त्यात रोग्याच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढतात, त्यांच्या जनुकात नेमका फेरफार करतात व त्या परत शरीरात सोडतात. मग बाळपणीचे ते हिमोग्लोबिन मोठेपणीही तयार होत राहते. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठरली. गडचिरोलीच्या रोग्याचा आधार आज ती गोळी, भरपूर पाणी आणि वेळेवर झालेली रक्ताची तपासणी हाच आहे.