हिशेब मांडणारं घर : गौरी देशपांडे यांचं माहेर

पुण्याहून ताम्हिणीला यायचं तर बहुतेकांची वाट कर्वे रोडवरच्या पौड फाट्यावरून जाते. तिथून उजवीकडे पौड, मग मुळशीचं पाणी, मग धुकं आणि ताम्हिणी. रस्ता इथे थांबत नाही. विंध्यवासिनीचं देऊळ मागे टाकून तो घाट उतरतो, निजामपूर-माणगावला कोकणात शिरतो आणि मंडणगड-दापोली करत करत समुद्राकाठच्या मुरुडला नेतो. ज्या अण्णांचं, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं नाव पुण्यातल्या त्या रस्त्याला आहे, त्यांचं हे गाव. पावसाळ्यात चार दिवस ताम्हिणीला मुक्काम होता. सोबत गौरी देशपांडे यांचं ‘दुस्तर हा घाट आणि थांग’ होतं. बाहेर पाऊस हलायला तयार नव्हता. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की या लेखिकेच्या घराण्याची दोन टोकं याच रस्त्याने बांधलेली आहेत.

गौरी देशपांडे यांच्याबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येतं : ‘महर्षी कर्व्यांची नात, इरावतीबाईंची मुलगी, मग बंडखोर असणारच.’ मला हे वाक्य अपुरं वाटतं. बंड कुणाविरुद्ध करायचं असतं? ज्या घरात मुलगी जन्मण्याआधीच विधवेशी लग्न झालेलं आहे, संततिनियमनाचा दवाखाना निघालेला आहे, आई जर्मनीहून डॉक्टरेट घेऊन आलेली आहे, त्या घरात बंडाला जागाच कुठे उरते? गौरीबाईंना माहेरून मिळालं ते वेगळंच. या घराला लिहून ठेवायची सवय होती, आणि तीही पदरचं काही न लपवता.

सुरुवात अण्णांपासून करू. 1858 साली जन्मलेले धोंडो केशव परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठवले गेले. पहिली पत्नी राधाबाई 1891 साली गेल्या. 1893 साली त्यांनी बालविधवा गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या बायांशी, लग्न केलं. मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. 1900 साली विधवांचा आश्रम हिंगण्याच्या माळावर झोपडीत आला, 1916 साली महिला विद्यापीठ उभं राहिलं. 1915 च्या ‘आत्मवृत्ता’त अण्णांनी हा प्रवास सांगितला. इतकं सगळ्यांना ठाऊक असतं.

कमी वाचलं जातं ते बायांचं ‘माझे पुराण’. 1944 साली आलेल्या या पुस्तकात त्याच थोर कामाची घरातली बाजू आहे. नवऱ्याने आपली आयुर्विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा हाताशी लहान मुलं असलेल्या बाईला काय वाटलं असेल? बाया नवऱ्याला देव मानून गप्प बसत नाहीत आणि त्याला खलनायकही करत नाहीत. त्यांचा जीव त्या कामात आहे, त्याची झळही त्यांनाच बसते आहे, आणि दोन्ही गोष्टी त्या एका दमात सांगतात. गौरीबाईंची नायिका मला पहिल्यांदा भेटली ती इथे, त्यांच्या आजीच्या पुस्तकात.

राधाबाईंचा मुलगा रघुनाथ म्हणजे गौरीबाईंचे काका. 1921 साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी इकडे मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहत होता. 1927 पासून 1953 साली मरेपर्यंत रघुनाथरावांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. नोकरी गेली, खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. गौरी तेव्हा जन्मायची होती. काका गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

अण्णा आणि बायांचा मुलगा दिनकर म्हणजे गौरीबाईंचे वडील. ते रसायनशास्त्र शिकले, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांनीही 1963 साली पाच मराठी कुटुंबांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक काढलं. तिथेही घरच्यांच्या कहाण्या आहेतच. त्यांच्या पत्नी इरावती. ब्रह्मदेशात जन्म, म्हणून तिथल्या नदीचं नाव. सातव्या वर्षी पुण्यात हुजूरपागा शाळेत धाडलेली ही मुलगी रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली आणि पुढे बर्लिनला मानववंशशास्त्र शिकून आली. मंगळसूत्र नाही, कुंकू नाही, नवऱ्याला नावाने हाक आणि पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर. त्यांच्या ‘युगान्त’ला 1968 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण गौरीबाईंना समजून घ्यायचं तर मी ‘परिपूर्ती’ हा छोटा लेख काढते. सभेत आपली ओळख कुणाची सून, कुणाची बायको अशी होते आणि त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं; शेवटी रस्त्यावरची मुलं ‘आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई’ म्हणून ओळखतात, तेव्हा ती ओळख पुरी होते. आईला जिथे पुरेपण वाटलं, नेमक्या तिथेच लेकीला प्रश्न पडला.

मोठी मुलगी जाई निंबकर. तीही कादंबरीकार, फलटणला स्थायिक. इरावतीबाई आणि जाईंनी मिळून कोयना धरणाच्या विस्थापितांचं सर्वेक्षण केलं. ते 1969 साली प्रसिद्ध झालं. ताम्हिणीत बसून या पुस्तकाची आठवण होणं साहजिक आहे. खालचं मुळशीचं पाणीही कुणाच्या तरी घरांवर आणि भाताच्या खाचरांवरच उभं आहे. उठवलेल्या माणसाला ‘तुझं काय झालं?’ असं दारात जाऊन विचारणारी आई आणि बहीण गौरीबाईंना होती.

11 फेब्रुवारी 1942 ही गौरीबाईंची जन्मतारीख. इंग्रजीत डॉक्टरेट, प्राध्यापकी, आणि लेखनाची सुरुवात इंग्रजी कवितेने : 1968 ते 1972 दरम्यान तीन संग्रह. ‘अरेबियन नाइट्स’ सोळा खंडांत मराठीत आणलं, ते एकट्या माणसाचं काम वाटत नाही. 1980 साली ‘एकेक पान गळावया’ आलं आणि मराठी दीर्घकथेचा सूरच पालटला. तिच्या कथांतल्या बायका शिकलेल्या, मिळवत्या. त्यांना कुणी कोंडलेलं नाही, नवरे अनेकदा भलेच. तरीही त्या विचारतात : दार उघडंच होतं, मग मी अशी दमले का? हक्क मिळाल्यानंतरचा हा एकटेपणा मराठीत इतक्या स्वच्छपणे आधी कुणी मांडला नव्हता, असं माझं मत आहे. तिची माणसं खात्यापित्या घरातली, परदेशी फिरणारी, हा आक्षेप खरा आहे. पण ज्या घरात अण्णा आणि रघुनाथराव आधीच लढून गेले होते, तिथल्या मुलीने पुढचंच पान लिहायचं होतं. ते तिने लिहिलं.

फलटणजवळ विंचुर्णीला तिने घर केलं. ‘विंचुर्णीचे धडे’ तिथलं. ‘गोफ’ 1999 चं, ‘उत्खनन’ 2002 चं. 1 मार्च 2003 रोजी ती गेली.

सवय मात्र तिच्यापाशी थांबली नाही. मुलगी ऊर्मिला देशपांडे अमेरिकेत राहून इंग्रजीत कादंबऱ्या लिहिते. 2024 साली तिने थियागो पिंटो बार्बोसा या अभ्यासकाबरोबर आजीचं, इरावतीबाईंचं चरित्र प्रसिद्ध केलं. मुरुडहून निघालेली वही अटलांटिकपलीकडे पोचली आहे आणि अजून भरते आहे.

वाचकांना एकच विनंती. या दिवाळीत गौरी देशपांडे हाती घ्याल, तर आधी बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ मिळवा, ते शेवटपर्यंत वाचा, आणि मग मध्ये दुसरं काही न वाचता ‘एकेक पान गळावया’ उघडा.