डाएट संपल्यावर वजन परत का येतं?

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलवर डाएटची साथ येते. रात्रीचं जेवण बंद, दुपारी नुसती काकडी आणि ताक! पंधरा दिवसांत तीन-चार किलो उतरतात. मग गॅदरिंग संपतं, मेसमध्ये फीस्ट होते आणि आठवड्याभरात वजनाचा काटा पुन्हा वर. रूममेट म्हणते, "तुझा कंट्रोलच नाही!" मित्रमैत्रिणींनो, कंट्रोल असतो, फक्त तो आपल्या हातात नसून शरीराच्या फीडबॅक लूपमध्ये असतो.

याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झाला. दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपात उपासमार होती. अशा माणसांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाला शोधायचं होतं. १९४४ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वतःहून तयार झाले. त्यांचा आहार रोजच्या सुमारे ३२०० कॅलरीजवरून निम्म्यावर आणला, तोही २४ आठवडे! वजन जवळजवळ पाव हिश्श्याने घटलं. पण शरीरही गप्प बसलं नाही. नाडी मंदावली, ऐन उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, विश्रांतीच्या वेळी लागणारी ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. मोबाईलची बॅटरी संपत आली की तो पॉवर सेव्हिंगवर जातो ना, अगदी तसंच. डोक्यात मात्र चोवीस तास जेवणाचे विचार. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे!

खरी गंमत पुढे आहे. पुन्हा खायला मिळाल्यावर वजन वाढलं, पण ते एका ठरावीक क्रमाने. चरबी आधी भरून आली, स्नायू मागे राहिले. मनसोक्त खायची मोकळीक मिळाल्यावर काहीजण पोट तट्ट फुगेपर्यंत खायचे, तरी त्यांची भूक शमत नसे. चरबी पूर्वीपेक्षा जास्त झाली. पुढे बऱ्याच महिन्यांनी बहुतेकांचं शरीर हळूहळू मूळ पदावर आलं.

असं का होतं? एक कारण म्हणजे लेप्टिन. १९९४ मध्ये शोध लागलेलं हे हार्मोन चरबीच्या पेशींतून येतं आणि मेंदूला साठ्याची खबर देतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू भूक वाढवतो.

आता फीस्टनंतरच्या त्या दोन किलोंबद्दल. ती सगळी चरबी नसते. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. डाएटमध्ये हे पाणी गेलं, जेवल्यावर परत आलं, एवढंच!

म्हणून काटा वर गेला की घाबरून पुन्हा उपाशी राहू नका. त्याने तेच चक्र नव्याने सुरू होतं. वेळेवर पोटभर जेवा, वरण, उसळ, अंडी, दही सोडू नका, थोडा व्यायाम करा आणि शरीराला काही महिने द्या. आणि कोणी बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल, चक्कर येत असेल, मुलींची पाळी थांबली असेल किंवा जेवणाचीच भीती वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे न्या. फार उपासानंतर एकदम भरपूर जेवण दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावरही बेतू शकतं.

शेजारच्या खोलीतलं कोणी दोन दिवस मेसमध्ये दिसलं नाही, तर एकदा दार वाजवून बघा. आणि परत आलेल्या वजनावरून कोणाला चिडवू नका. ते शरीराचं दुरुस्तीचं काम असतं.