लासलगावचे अदृश्य किरण

रेडिओलहरी, दृश्य प्रकाश, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही एकाच विद्युतचुंबकीय वर्णपटाची भावंडे. भेद केवळ तरंगलांबीचा. रेडिओलहरी सर्वांत लांब, तर गॅमा किरण सर्वांत आखूड व भेदक. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘कृषक’ प्रकल्पात कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण कांद्याला देतात; त्यास कोंब फुटत नाहीत व साठवणुकीतील तूट घटते. २००७ मध्ये येथेच प्रक्रिया झालेला हापूस अमेरिकेस रवाना झाला. किरणांमुळे फळातील किडीची पैदास थांबते. क्ष-किरण छायाचित्र काढल्याने रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही, तसाच हा मालही होत नाही. ग्राहकाची ही शंका फेडणे मात्र व्यापाऱ्याचेच कर्तव्य होय.