घरातला स्टुडिओ (लेखांक ९) : जुन्या सामानात आधी काय जातं?

गेल्या आठवड्यात भिंती, पडदे आणि गोधड्या यांचा हिशेब लावून झाला. खोली थोडीफार गप्प बसली असेल, तर आता सामानाकडे वळू. ओएलएक्सवर, ऑर्केस्ट्रावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, साउंडवाल्यांच्या गोदामात जुना माल कायम फिरत असतो. विकणारा हमखास सांगतो, ‘घरगुती वापर, जेमतेम दोन वर्षं.’ घेणाराही वर्षंच मोजत बसतो. मला विचाराल तर वर्षांना फारसा अर्थ नाही. एखादा माइक चाळीस वर्षांनीही ठणठणीत वाजतो आणि एखादा इंटरफेस सात-आठ वर्षांत दाराला अडसर लावण्यापुरता उरतो. विचारायचं ते एवढंच, की या वस्तूत सगळ्यात आधी काय जातं, आणि ते गेलं तर आपल्याकडे दुरुस्त होतं का.

डायनॅमिक माइकमध्ये जाण्यासारखं फार थोडं असतं. एक चुंबक, त्याच्या फटीत हलणारं बारीक तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा. बॅटरी नाही, बाहेरची वीज नाही, कॉम्प्युटरशी देणंघेणं नाही. श्युअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ साली आला, एसएम ५८ त्याच्या पुढच्या वर्षी, आणि दोन्ही आजही जवळपास त्याच रूपात विकले जातात. मांडवात, कीर्तनात, ऑर्केस्ट्रात जो गोल जाळीचा माइक दिसतो, तो बहुधा एसएम ५८ असतो, नाहीतर त्याची नक्कल. जाळीला पोचे आहेत म्हणून मागे हटू नका, जाळी सुटी मिळते. आतला स्पंज कित्येक गायकांच्या श्वासाने कुबट झालेला असतो. जाळीचे आटे फिरवून ती काढायची, साबणाच्या पाण्यात स्पंजासकट धुवायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मगच परत बसवायची. आतल्या कॅप्सूलला मात्र पाण्याचा थेंबही लागता कामा नये.

इथे खरा धोका नकलेचा. अस्सल एसएम ५८ भरतो २९८ ग्रॅम. घरातला पिठा-साखरेचा डिजिटल काटा खुशाल बरोबर न्या, विकणाऱ्याने भुवया उंचावल्या तर उंचावू द्या. अडीचशेच्या आत भरला, तर बाकी काही पाहायची गरज नाही. वजन जुळलं म्हणून भाळूही नका, कारण पोकळ दांड्यात वजन घालणं नकलवाल्यालाही जमतं. पुढची परीक्षा कानाची. माइक चालू करून आधी समोरून बोला, मग केबलच्या टोकाकडून. अस्सल माइकमध्ये मागून आलेला आवाज चांगलाच दबतो. नकलेत तो बऱ्याचदा तसाच ढणढणीत येतो. मग माइक हातात धरून दांड्यावरून बोटं फिरवा. एसएम ५८ मध्ये कॅप्सूल हवेच्या उशीवर बसवलेली असते, त्यामुळे हाताळणीचा आवाज मर्यादेत राहतो. आणि दांड्यावर चालू-बंदचं बटण असेल तर छापील नाव नीट वाचा. बटणवाल्या अस्सल माइकच्या नावापुढे ‘एस’ असतं, साध्या ५८ ला बटणच नसतं.

कंडेन्सर माइकची जात वेगळी. त्याचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा, त्यावर सोन्याचा मुलामा, आणि मागे इतक्या उच्च रोधाचं सर्किट, की जराशी ओलसुद्धा विजेला पळवाट काढून देते. असा माइक आजारी असला की हेडफोनमध्ये मोहरी तडतडल्यासारखा आवाज येतो, मधूनच ‘पट्’ होतं, मग दहा मिनिटं सगळं शांत. म्हणून माझा सल्ला जरा उफराटा आहे. मुंबई, कोकण किंवा गोव्यातला जुना कंडेन्सर पाहायला शक्यतो जुलैत जा. मे महिन्यात तो शहाण्यासारखा वागेल, तुम्ही पैसे मोजून घरी आणाल आणि पहिल्या झडीला तो आपले रंग दाखवेल. पावसाळ्याची वाट पाहणं शक्य नसेल, तर आधी गेन वर नेऊन दोन मिनिटं नुसती शांतता ऐका, नंतर तोंड जवळ नेऊन पाच-सात मिनिटं गा किंवा बोला, आणि पुन्हा शांतता ऐका. श्वासाच्या वाफेने जो तडतडायला लागला तो घेऊ नये. कॅप्सूल साफ करणं हे आपल्या आवाक्यातलं काम नाही. कापसाने पुसायला गेलात तर धुळीबरोबर सोनंही निघून येईल.

कंडेन्सरला लागणारी ४८ व्होल्टची वीज, जिला फँटम पॉवर म्हणतात, तिचा आकडा गंमतशीर रीतीने ठरला. १९६६ साली जर्मनीच्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीसाठी माइक तयार केले. तिथे हिवाळ्यात दिवसाही अंधार, त्यामुळे स्टुडिओंमध्ये आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती. तीच माइकला दिली गेली आणि पुढे साऱ्या जगाने हा आकडा उचलला.

जुना इंटरफेस किंवा मिक्सर घेताना हा आकडा मोजून पाहता येतो, आणि ते दिसतं त्यापेक्षा सोपं आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, फँटमचं बटण दाबा. एक्सएलआर सॉकेटमध्ये तीन भोकं असतात, त्यांच्याशेजारी बारीक अक्षरात १, २, ३ लिहिलेलं असतं. एक नंबर म्हणजे ग्राउंड. काळा प्रोब एकमध्ये धरा, लाल आधी दोनमध्ये, मग तीनमध्ये. दोन्ही वेळा ४४ ते ५२ च्या दरम्यान आकडा यायला हवा, आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. दोनवर ४८ आणि तीनवर ३० असेल, तर आतला एखादा रेझिस्टर गेला आहे किंवा कपॅसिटर गळतो आहे. हे प्रत्येक चॅनेलवर करा. विकणारा पहिल्या चॅनेलवर गाऊन दाखवतो तेव्हा दुसऱ्याकडे हमखास लक्ष ठेवावं. दोन्ही चॅनेलवर तोच माइक, तीच केबल, तोच गेन ठेवून अर्धा अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं आणि तिथल्या तिथे ऐकायचं. त्यासाठी लॅपटॉप, हेडफोन, माइक आणि केबल आपली न्यावी. त्यांच्या केबलमधली खरखर त्यांच्या इंटरफेसच्या नावावर जाते, किंवा उलट, आणि मग कोण चोर हे कळतच नाही.

इंटरफेसचं मरण बहुतेक वेळा आत नसतंच, ते कॉम्प्युटरच्या बाजूने येतं. २००० नंतरच्या दशकात आठ-आठ माइक घेणारे फायरवायरचे इंटरफेस स्टुडिओंची शान होते. आज ते मातीमोल भावात मिळतात, कारण ॲपलने मॅकमधून फायरवायरचं पोर्ट काढलं, काही काळ ॲडाप्टरवर निभावलं, आणि २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये फायरवायरचा आधारच काढून टाकला. यंत्र धडधाकट, पण बोलायला कोणी नाही. युएसबीवाल्यांमध्येही कंपनीने ड्रायव्हर देणं थांबवलं की तीच गत. ‘क्लास कंप्लायंट’ असा शब्द माहितीत दिसला तर जीव भांड्यात पडतो. अशा इंटरफेसला मॅक किंवा आयपॅडवर कंपनीच्या ड्रायव्हरची गरज नसते, आणि विंडोज १० मध्येही २०१७ पासून युएसबी ऑडिओ २ चा आधार अंगभूत आहे.

तरी फायरवायरच्या एका जातीकडे दुर्लक्ष करू नका. ज्यांच्या पाठीवर ‘एडॅट’ नावाचं ऑप्टिकल पोर्ट आहे, त्यातले काही इंटरफेस कॉम्प्युटरशिवाय एकटेही चालतात. ऑप्टिकल केबलने ते तुमच्या नव्या इंटरफेसला जोडले, की ४८ किलोहर्ट्झवर आठ चॅनेल मिळतात. घरी तबला, पखवाज, टाळ, पेटी असं सगळं एकदम रेकॉर्ड करायचं असेल तर हे सोन्याहून पिवळं. अट दोन गोष्टींची : नव्या इंटरफेसला एडॅट इनपुट हवा, आणि जुना एकटा चालतो हे समोर चालवून पाहायला हवं. तोंडी खात्री चालणार नाही.

आता खरखर. मिक्सरचा नॉब फिरवला की खरखरतो, ही जुन्या मालाची नेहमीची तक्रार, आणि इथे दोन वेगळे आजार एकाच आवाजात बोलतात. पहिला म्हणजे नुसती घाण. नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की खरखर कमी होते, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की जाते. (गंजलेल्या कडीला मारायचा स्प्रे इथे नको. त्याच्या तेलकट थरावर पुढे आणखी धूळ बसते, आणि फेडरचं वंगण जातं ते वेगळंच.) दुसरा आजार गळक्या कपॅसिटरचा. कपॅसिटरचं काम डीसी व्होल्टेज अडवायचं. तो गळायला लागला की डीसी नॉबपर्यंत पोचतं आणि नॉब हलवला की प्रत्येक वेळी कुरकुरतं. इथे फवारा मारून काही होत नाही, फार तर दिवसभर बरं वाटतं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या कारागिराकडून मी हे शिकलो. ते स्प्रेच्या आधी मल्टिमीटर हातात घेत आणि नॉबच्या पायांवर डीसी आहे का ते बघत. गिऱ्हाईक ताटकळत बसलं तरी त्यांची घाई नसे.

कपॅसिटर, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक जातीचे, हे सगळ्या जुन्या यंत्रांचं दुखणं. आतला द्रव उष्णतेने सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं तर त्यांचं आयुष्य दुप्पट होतं. म्हणून बंद कपाटात, एकावर एक रचून ठेवलेलं सामान लवकर म्हातारं होतं. एक-दोन कपॅसिटर बदलणं स्वस्त आहे. सोळा चॅनेलच्या मिक्सरमधले सगळे बदलायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

स्पीकरबद्दल मी जरा कडक आहे. जुने स्टुडिओ मॉनिटर घेताना जाळी काढा आणि वूफरच्या कडेची रिंग बोटाने हळूच दाबा. रबराची असेल तर वर्षानुवर्षं टिकते. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती भुसभुशीत होते आणि बोटाखाली चुरा होतो. नवी रिंग चिकटवता येते, पण दोन्ही स्पीकरमध्ये ती सारखी बसायला हवी. यामाहाच्या पांढऱ्या कोनवाल्या एनएस १० ची हौस अनेकांना असते. तो १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून आला, घरात फारसा चालला नाही आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंत मिरवला. कोनसाठी लागणारा कागदाचा लगदा मिळेना, म्हणून २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, मूळ सुटे भाग नवे मिळत नाहीत. तेवढ्याच पैशांत नवे छोटे ॲक्टिव्ह मॉनिटर वॉरंटीसह येतात, आणि घरच्या खोलीत तेच घ्यावेत असं माझं मत आहे.

न्यू जर्सीचा भाचा किंवा टोकियोचा मित्र येताना एखादं यंत्र घेऊन आला, तर आनंदाच्या भरात ते लगेच सॉकेटला लावू नका. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. मागच्या पट्टीवर ‘१००–२४०’ असेल तर फक्त पिन बदला. नुसतं ‘१२०’ असेल आणि मागे व्होल्टेज बदलायचा स्विच नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो यंत्राच्या खपाच्या दुप्पट ताकदीचा घ्यावा. ॲडाप्टर हरवला आहे असं विकणारा म्हणाला, तर बॉक्सवरची खूण वाचा. काही जुन्या यंत्रांना ९ व्होल्ट एसी लागतं, डीसी नाही. बॉसच्या गिटार पेडलना डीसी लागतं, पण मधली पिन निगेटिव्ह. मोबाइलच्या दुकानातला कुठलाही ॲडाप्टर ढोसून पाहणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

कीबोर्डबद्दल थोडक्यात. यामाहाचा डीएक्स ७ (१९८३) असो की कोर्गचा एम १ (१९८८), आवाजांची साठवण आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर असते. ती बदलण्याआधी सगळे आवाज मिडीवरून कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्या. डीएक्स ७ मध्ये ती सोल्डर केलेली असते, तेव्हा सवय नसेल तर कारागिराकडेच द्या. एखादी पट्टी हळू दाबली तरी जोरात वाजत असेल, तर खालचा रबरी कॉन्टॅक्ट मळलेला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो बहुतेक वेळा सुधारतो. ऑक्टोपॅडवर प्रत्येक पॅड हळू आणि जोरात वाजवा. एकावर मारल्यावर शेजारचा बोलला, तर गणपती-नवरात्रांचे बरेच मोसम त्याने पाहिले आहेत असं समजा आणि भाव पाडा.

घरी आणलेल्या कंडेन्सरला दोन शत्रू, ओल आणि धूर. देवघर आणि स्टुडिओ एकाच खोलीत असेल तर उदबत्तीच्या वेळी माइक डब्यात हवा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर ते परत निळे होतात. (तो तवा पुन्हा पोळ्यांना वापरू नका, निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो.) केबल लावताना-काढताना फँटम आधी बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा.

व्यवहार ठरला की यंत्राच्या मागचा सिरियल नंबर जागेवरच फोटोत घ्या, विकणाऱ्याकडून दोन ओळींची पावती घ्या आणि त्यात तो नंबर लिहून घ्या. पावती द्यायला जो कां-कूं करतो, त्याचा माल चोरीचा असण्याची शक्यता असते. तिथे स्वस्ताईचा मोह सोडून चहा पिऊन निघावं.

(पुढच्या आठवड्यात : अर्थिंग, स्पीकरमधली घरघर, आणि प्लगची तिसरी पिन का तोडू नये.)