हृदयाला विनवणारा दगडी शेणकिडा

शेणाचा गोळा मागच्या पायांनी लोटत नेणाऱ्या शेणकिड्याला आपल्याकडे कोणी मान देणार नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मात्र त्याच्या आकाराचे दगडी ताईत राजापासून सामान्यांपर्यंत सारेच बाळगत. शेणकिडा गोळा लोटतो, तसा प्रातःकाळचा सूर्य वर आणणारा देव म्हणजे खेप्री, अशी तेथील श्रद्धा. संगजिऱ्यासारख्या मऊ दगडात कोरून वर झिलई दिलेले हे स्कॅरब अंगठीत बसवत, मुद्रा म्हणूनही वापरत.

त्यांतला सर्वांत विलक्षण प्रकार हृदय-स्कॅरबचा. ममी करताना मेंदू काढून टाकत, हृदय मात्र देहातच ठेवत. कारण बुद्धी आणि स्मृती तेथेच वसतात, असे मानले जाई. परलोकात ओसायरिससमोर हेच हृदय सत्यदेवता मातच्या पिसाशी तोलले जाणार. आपल्याकडे पापपुण्याची नोंदवही चित्रगुप्ताच्या हाती. येथे साक्षीदार स्वतःच्याच छातीत! तो उलटला, तर मगरीच्या तोंडाची अम्मित हृदय गिळणार आणि मरणोत्तर जीवनाची आशाच संपणार. म्हणून मृताच्या छातीवर हिरवट दगडाचा मोठा स्कॅरब ठेवत. त्याच्या सपाट तळावर 'मृतांच्या ग्रंथा'तील '३०-ब' हा मंत्र कोरलेला असे. न्यायसभेत हृदयाने आपल्या धन्याविरुद्ध बोलू नये, अशी ती विनवणी.

ब्रिटिश म्युझियममधील, १७व्या राजवंशातील राजा सोबेकेमसाफचा हिरव्या जास्परचा, सोन्यात बसवलेला स्कॅरब या प्रकाराच्या आरंभकाळातला. पुढे असे ताईत आगाऊ घडवून ठेवले जाऊ लागले. काहींवर मंत्र कोरलेला, पण मृताच्या नावाची जागा रिकामीच राहिलेली दिसते.