वरच्या मजल्यावरचा आवाज, खालच्या मजल्यावरची झोप

होळी झाली की परतवाड्यात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात झोप न लागण्याच्या तक्रारी वाढतात. "उकाडा आहे, डॉक्टरसाहेब," असे कारण रुग्ण स्वतःच सांगून मोकळा होतो. जरा खोलात जाऊन विचारले म्हणजे खरे दुखणे कळते. शेजाऱ्याच्या कूलरची घरघर, वरच्या मजल्यावर रात्री अकराला ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या, पहाटे पाचला सुरू होणारी बोअरची मोटर!

मेळघाटच्या सागवानावर वाढलेल्या आपल्या गावाला आरागिरणीचा आवाज नवा नाही. पण तो दिवसाचा आणि ठरल्या वेळेचा. फ्लॅटमध्ये मात्र वरच्याची फरशी तेच खालच्याचे छत असते. स्लॅबवर बसलेला ठोका काँक्रीटमधून थेट खाली उतरतो. वरच्यांना तो किरकोळ वाटतो, खालच्यांना डोक्यात हातोडा पडल्यासारखा.

झोपेतही कान बंद होत नाहीत. आवाज झाला की मेंदू सावध होतो, नाडी जलद होते, रक्तदाब थोडा वाढतो. सकाळी हे आठवतही नाही. रोज असेच घडत राहिले तर चिडचिड, डोकेदुखी आणि मुळातच रक्तदाब असलेल्यांना अधिक त्रास, हे ओघाने आलेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मर्यादा सुचवली, ती घराबाहेर ४० डेसिबल.

परंतु त्रास केवळ आवाजाच्या मोठेपणावर अवलंबून नसतो. ग्लास आणि सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग १९७२ साली पुस्तकरूपाने आले. त्यांनी दोन गटांना सारखाच कर्कश, अवचित येणारा आवाज ऐकवला. एका गटाला बटण दिले आणि सांगितले, "फारच असह्य झाले तर दाबा, आवाज थांबेल." बहुतेकांनी ते दाबलेच नाही. तरीही नंतरच्या कामात या गटाच्या चुका कमी झाल्या. आवाज थांबवणे आपल्या हाती आहे, एवढ्या भरवशानेच ताण हलका झाला!

शेजाऱ्याशी बोलचाल असणे म्हणजे असे बटण हाताशी असणे. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचा रक्तदाब गोळ्या नियमित घेऊनही उतरत नव्हता. वरच्या कुटुंबाशी वर्षभर अबोला, मुलांचे खेळणेही बंद. शेवटी बाईंनीच वरच्या वहिनींना चहाला बोलावले. दुकान बंद करून घरच्यांना यायलाच अकरा होतात, जेवण त्यानंतर, हे तेव्हा कळले. खुर्च्यांना रबरी टोप्या बसल्या आणि भांडी सकाळी घासायचे ठरले. आवाज पूर्ण थांबला नाही, पण बाईंना झोप लागू लागली आणि पुढे रक्तदाबही आटोक्यात आला.

तेव्हा वाचकांनी एवढे करून पाहावे. रागाच्या भरात रात्री दार ठोठावू नका. दुसऱ्या दिवशी निवांत वेळी जा. आरोप न करता त्रास सांगा. "भाऊ, जरा आमच्या घरी येऊन पाहता का? तुमचा कूलर लागला की आमची भिंत थरथरते," असे म्हटले तर माणूस येतो. सोबत उपायही सुचवा: कूलरच्या स्टँडखाली जुन्या टायरचे तुकडे, मिक्सरखाली जाड कापडाची घडी, मोटरची ठरलेली वेळ. "आमचा काही त्रास होतो का?" हेही विचारा. तान्ह्या बाळाचे रडणे, म्हाताऱ्या माणसाचा खोकला यांची मात्र तक्रार करू नये.

समजावूनही ऐकलेच नाही तर सोसायटीच्या समितीकडे लेखी द्या. खेड्यांत २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेने हेच शिकवले, की वाद आधी चार माणसांत बसून मिटवावा. तेथेही न जमल्यास तालुका विधी सेवा समितीकडे तडजोडीसाठी जाता येते. कायदाही पाठीशी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री डीजे किंवा लाऊडस्पीकर वाजत असेल तर ११२ वर पोलिसांना कळवावे. खुर्चीच्या आवाजासाठी मात्र पोलीस बोलावले तर आवाज एक दिवस थांबेल आणि वैर कायमचे राहील.

शेवटी एक सूचना. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका, आणि रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. वाद मिटूनही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा.